अश्रू ढाळणारा विश्वास

शास्त्रपाठ : २ शमुवेल १२:१५-२३, विलापगीत ३:१९-३३, योहान ११:१७-३६.

आपल्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती दफनभूमीत गेले असता मोठ्या कबरांच्या मधूनमधून हातभर लांबीच्या लहान कबरा दृष्टीस पडतात. कित्येकांवर नाव नाही, दगडही नाही. केवळ आईच्या मनात त्यांची खूण राहिलेली आहे. त्या प्रत्येक कबरेभोवती एके दिवशी मंडळी जमली होती, पाळकाने वचन वाचले होते, आणि घरी परतल्यावर कोणी तरी त्या आईला काही तरी सांगितले होते. काय सांगितले होते? आणि काय सांगावयास पाहिजे होते? हा प्रश्न पाळकांपुढे, मंडळीच्या वडिलांपुढे आणि शेजारच्या साध्या बहिणीपुढेही वारंवार येतो. म्हणून या पाठात आम्ही एका ख्रिस्ती बाईची साक्ष वाचकांपुढे ठेवू इच्छितो. तिला होऊन साडेतीनशे वर्षे लोटली. ती दूरच्या अमेरिका खंडातली. परंतु तिचे दु:ख आपल्या ओळखीचे आहे.

१. ही बाई कोण होती?

अ‍ॅन डडली यांचा जन्म १६१२ साली इंग्लंडात झाला. त्यांचे वडील थॉमस डडली हे एका उमरावाच्या जहागिरीचे कारभारी होते. घरात ग्रंथ पुष्कळ, व धर्माचरण कडक. कारण हे कुटुंब प्युरिटन पंथाचे होते. इंग्लंडच्या राजमान्य मंडळीतून उरलेसुरले रोमी विधी काढून टाकावे व सर्व काही पवित्र शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहावे, असे या पंथाचे म्हणणे असे. सुमारे सोळाव्या वर्षी अ‍ॅनबाईंचा विवाह सायमन ब्रॅडस्ट्रीट यांच्याशी झाला. १६३० साली ती उभयता व तिचे आईबाप 'आर्बेला' नावाच्या जहाजातून निघून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरील सेलम बंदरी उतरली. तेथे रान, थंडी, उपासमार व रोग यांशी गाठ पडली. तो नवा देश व तेथील नवी राहणी पाहून आपले मन प्रथम बंड करून उठले होते, असे अ‍ॅनबाईंनी पुढे आपल्या मुलांसाठी लिहून ठेविले आहे. मग ही देवाचीच वाट आहे अशी खात्री झाल्यावर त्या नमल्या व बोस्टनच्या मंडळीत सामील झाल्या.

बराच काळ त्यांना मूल नव्हते. त्याविषयी त्यांनी अनेक प्रार्थना केल्या व अश्रू ढाळिले. मग सॅम्युएल झाला. त्याच्या पाठीवर आणखी सात मुले झाली, आणि त्या कठीण काळातही आठांपैकी आठही लहानाची मोठी झाली. हे कुटुंब शेवटी अँडोव्हर या गावी स्थायिक झाले. घरकाम, आजारपण व मुलांचे संगोपन यांतून वेळ काढून अ‍ॅनबाई कविता लिहीत. त्यांच्या मेहुण्यांनी त्या कवितांची प्रत इंग्लंडास नेली, व १६५० साली लंडनमध्ये त्यांचे पुस्तक छापून निघाले. ते बाईंना विचारून छापलेले नव्हते. अमेरिकेतील इंग्रज वसाहतींत राहणाऱ्या व्यक्तीचे छापून निघालेले पहिले काव्यपुस्तक म्हणून ते गणले जाते.

आज आपण ज्या गीतांचा विचार करणार आहो, ती मात्र त्या पुस्तकात नाहीत. ती त्यांच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत सापडली व १६७८ साली बोस्टन येथे निघालेल्या दुसऱ्या आवृत्तीत छापली गेली. ती लोकांपुढे यावी असा बाईंचा हेतू नव्हता, असे त्या आवृत्तीतच म्हटले आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. जे शब्द जगाला दाखविण्यासाठी लिहिलेले नसतात, त्यांत मनुष्याचे अंत:करण अधिक उघडे होते.

२. त्या काळचे शोकगीत

प्युरिटन लोक प्रेतासाठी प्रार्थना करण्याच्या चालीस इतके भीत की, आरंभीच्या काळी कबरेजवळ ते प्रार्थना करीत नसत व उपदेशही देत नसत. मृतास मुकाट्याने भूमीच्या स्वाधीन करून परत येत. परंतु मनुष्याचे हृदय मुके राहत नाही. जी गोष्ट विधीत निघेना, ती कवितेत निघू लागली. कोणी प्रतिष्ठित मनुष्य मेला म्हणजे त्याच्यावर शोकगीत रचीत, ते शवपेटीच्या आच्छादनास किंवा शववाहक गाडीस टाचीत, व कधी कधी एका कागदावर छापून वाटीत. अशा गीतांचे वळण ठरलेले असे : प्रथम मृताची स्तुती, मग विलाप, आणि शेवटी जिवंतांस बोध व सांत्वन.

ठरलेल्या वळणाचा एक धोका असा की, दु:ख नसले तरी गीत रचता येते. पुढे तसेच झाले. १७२२ साली बोस्टनच्या एका वर्तमानपत्रात सोळा वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिनने एका विधवेचे टोपणनाव घेऊन या शोकगीतांची यथेच्छ थट्टा केली, आणि स्वयंपाकाची कृती सांगावी त्याप्रमाणे शोकगीत कसे तयार करावे याची कृती सांगितली. थट्टा कठोर होती, पण निष्कारण नव्हती. सांत्वनाचे शब्द पाठ झाले म्हणजे ते स्वस्त होतात. हे पद्यास जसे लागू, तसे आमच्या उपदेशांसही लागू आहे.

३. पाच वर्षांत पाच मृत्यू

प्रार्थनेने मिळालेला तो सॅम्युएल पुढे हार्वर्ड येथे शिकला, काही वर्षे इंग्लंडास जाऊन सुखरूप परत आला, व बोस्टनमध्ये वैद्यकी करू लागला. त्याच्या पत्नीचे नाव मर्सी. या तरुण घरावर जे आले, ते आम्ही केवळ तारखांनी सांगतो.

१६६५ च्या ऑगस्टात त्यांची मुलगी एलिझाबेथ दीड वर्षाची होऊन मेली. पुढे तीन महिन्यांतच दुसरी मुलगी जन्मली. तिला आजीचे नाव अ‍ॅन असे दिले. ती तीन वर्षे सात महिन्यांची होऊन २० जून १६६९ रोजी मेली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुलगा झाला. त्यास आजोबांचे नाव सायमन असे दिले. तो एक महिना आणि एक दिवस जगून १६ नोव्हेंबर १६६९ रोजी गेला. १६७० च्या सप्टेंबरात मर्सी दिवस भरण्यापूर्वीच प्रसूत झाली आणि थोड्याच दिवसांत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, मरण पावली. तिचे ते पाचवे मूलही वाचले नाही. त्या वेळी सॅम्युएल समुद्रावर प्रवासात होता. आपल्या घराचे काय झाले हे त्यास ठाऊकही नव्हते. पाच लेकरांपैकी मर्सी याच नावाची एक मुलगी तेवढी मागे राहिली.

आणि या मृत्यूंच्या मध्येच, १० जुलै १६६६ च्या रात्री, अँडोव्हर येथील आजीचे घर आगीत भस्म झाले होते.

४. चार गीते

या आजीने चार शोकगीते लिहिली. तिन्ही नातवंडांवर एकेक व सुनेवर एक. आम्ही त्यांच्या ओळी येथे देत नाही. त्यांचा आशय मात्र क्रमाने सांगतो, कारण क्रमातच शिकण्यासारखे आहे.

एलिझाबेथीवरील गीतात आजी त्या बाळाचा पुन्हा पुन्हा निरोप घेते. मग ती स्वत:स विचारते की, जे लेकरू सार्वकालिक सुखात पोहोचले त्यासाठी मी का रडावे? यानंतर ती सृष्टीचा नियम आठवते. झाडे जुनी झाली म्हणजे कुजतात, फळ पिकले म्हणजे गळते, धान्य व गवत आपल्या हंगामी कापले जाते. हे सर्व स्वाभाविक आहे. परंतु नुकतेच लावलेले रोप उपटले जावे व नुकतीच आलेली कळी खुडली जावी, हे केवळ सृष्टीचे काम नव्हे. ते सृष्टी चालविणाऱ्या हाताचे काम होय. पाहा, यात समाधान आहे, कारण लेकरू आंधळ्या दैवाच्या हाती पडले नाही. आणि त्याच वाक्यात वेदनाही आहे, कारण उपटणारा हात ओळखीचा आहे.

दुसरे गीत चार वर्षांनी लिहिलेले. येथे आरंभीच ती सांगते की मन व्याकूळ आहे व लिहिताना हात कापत आहे. या जगातील सुखावर भिस्त ठेवून आपण किती वेळा फसलो, तरी शहाणपण आले नाही, असा दोष ती स्वत:स देते. जे उसने मिळाले होते ते आपलेच समजून बसलो, असे कबूल करते. शेवटी दावीद राजाची आठवण देणारा विचार येतो. दावीदाचे मूल वारल्यावर तो चाकरांस जे बोलला ते आपण २ शमुवेल १२:२३ मध्ये वाचतो : मेलेले लेकरू परत येणार नाही, पण बाप त्याच्याकडे जाईल. आजीनेही आपल्या नातीस तेच सांगितले.

तिसरे गीत अवघ्या पाच महिन्यांनंतरचे, व अगदी लहान. सायमन बाळाची ओळख होते न होते तोच तो गेला. तरी वियोगाने सर्वांस रडविले. तीन फुले गेली, दोन जेमतेम उमललेली व एक कळीच. हे देवाने का केले याचा वाद घालू नये, विलापगीतात सांगितल्याप्रमाणे तोंड धुळीत घालावे, आणि तो जसा न्यायी तसा दयाळूही आहे असे आपण म्हणू या, असे ती लिहिते. "म्हणू या" हा शब्दप्रयोग वाचकांनी नीट पाहावा. जे मनाला सहज वाटते ते म्हणण्यासाठी मनुष्यास असा आग्रह धरावा लागत नाही. येथे ती घायाळ मनाला हात धरून देवाच्या दयेकडे नेत आहे, आणि मन मागे ओढ घेत आहे. अलीकडचे काही विद्वान म्हणतात की, या ओळींत दडलेले बंड आहे. दुसरे म्हणतात की ही शुद्ध शरणागती आहे. आम्हांस वाटते की, ज्याने स्तोत्रे मन लावून वाचली आहेत त्याला दोन्ही गोष्टी एकाच मुखात सापडल्याचे आश्चर्य वाटणार नाही.

चौथ्या गीतात मर्सीचे मरण आहे. आपली माणसे एकामागून एक जात असता विलाप करावयास आपण अजून जिवंत का, असे आजी विचारते. अगोदर फांद्या तोडलेल्या पाहिल्या होत्या, आता झाडच पडले. मग ती आपल्या दूर असलेल्या पुत्राकडे वळते. त्याला ती उपदेशाने आरंभ करीत नाही. मी मुलगी गमावली, पण तू पत्नी गमावलीस, असे म्हणून त्याचे दु:ख आपल्या दु:खाहून मोठे असल्याचे प्रथम मान्य करते. त्याच्या दु:खाचा वाटा आपण उचलीत आहो असे सांगते. यानंतर मागे राहिलेल्या एका लेकराकडे बोट दाखवून त्या दोघांचा आनंद टिको अशी प्रार्थना करते. आणि शेवटी, ज्याच्या हातून हा घाव आला त्याच्यातच धीर धर, असे सांगते.

५. यापासून आपण काय शिकावे?

पहिली गोष्ट. रडणे हे अविश्वासाचे चिन्ह नव्हे. लाजरास आपण उठविणार हे प्रभू येशूस ठाऊक होते. तरी तो मरीयेच्या शेजारी उभा राहून रडला. प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस आशाहीनांसारखा शोक करू नका असे कळविले. शोकच करू नका असे कळविले नाही. अ‍ॅनबाईंचा विश्वास चारही वेळा अश्रूंतून गेला व चारही वेळा देवापाशीच पोहोचला.

दुसरी गोष्ट. "होईल दुसरे" हे सांत्वन नव्हे. या घरात दुसरे झाले, तिसरेही झाले. अ‍ॅन आली म्हणून एलिझाबेथीची जागा भरली नाही, आणि अ‍ॅनसाठी ढाळावयाचे अश्रू सायमनाने वाचविले नाहीत. ईयोबास पुन्हा मुले झाली. पण पहिल्या लेकरांस तो विसरला, असे शास्त्र कोठेही सांगत नाही. प्रत्येक लेकरास आजीने स्वतंत्र गीत व स्वतंत्र निरोप दिला. महिनाभर जगलेल्यासही दिला.

तिसरी गोष्ट. प्रामाणिकपणा हा विश्वासाचा शत्रू नव्हे. याच बाईंनी आपल्या मुलांसाठी लिहिलेल्या पत्रात कबूल केले आहे की, शास्त्र खरे कशावरून, देव आहे हे कशावरून, अशा शंकांनी सैतानाने आपणांस वारंवार छळले. ते पत्र १८६७ साली छापून निघाले. ज्या बाईंनी देव दयाळू आहे असे म्हणू या असे लिहिले, त्यांना हे म्हणणे किती जड जाते हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांच्या शब्दांवर आपला विश्वास बसतो.

६. जेथे आम्ही त्यांच्या मागे जात नाही

ज्यांचा आपण आदर करितो, त्यांची चूकही सांगणे भाग आहे. प्युरिटन लोक प्रत्येक संकटात आपल्या एखाद्या पापाची शिक्षा शोधीत. अ‍ॅनबाईंनीही आपले आजार व दु:खे याच दृष्टीने पाहिली; आपण देवापासून सैल झालो की तो एखादे संकट पाठवून आपल्या घराची झडती घ्यावयास लावितो, असे त्या मानीत. स्वत:ची परीक्षा करणे चांगले. परंतु दुसऱ्याच्या लेकराच्या कबरेजवळ उभे राहून हे कोणाच्या पापामुळे झाले, असे विचारणे हा शिष्यांचा प्रश्न होता, आणि प्रभूने योहान ९:३ मध्ये तो साफ नाकारला. आजही आपल्या मंडळ्यांत आईबापांच्या कानांवर येईल अशा आवाजात ही कुजबुज चालते. अमक्याने नवस केला होता, तमकीने उपासना चुकविली होती. बंधुभगिनींनो, हे ईयोबाच्या मित्रांचे काम होय. आणि देव त्या मित्रांवर कोपला, हेही त्याच पुस्तकात लिहिले आहे.

७. आमचा स्वत:चा अपराध

पाळकपणाच्या आरंभीच्या वर्षांत आम्हांस एका वस्तीवर बोलावणे आले. चार वर्षांचे मूल तापाने गेले होते. आम्ही गेलो, ईयोबाचा पहिला अध्याय वाचला, आणि मोठ्याने रडणाऱ्या त्या आईस सांगितले की, रडू नये, लेकरू देवाचे होते व देवाने नेले. ती एकदम गप्प झाली. आपल्या शब्दांनी काम केले असे वाटून आम्ही समाधानाने घरी आलो. त्यानंतर ती बाई कित्येक महिने उपासनेस आली नाही. शेवटी आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा चुलीपाशी बसून ती एवढेच म्हणाली, "पाळकसाहेब, तुमी सांगितलं ते समदं खरं आसंल. पर तुमी मला रडू दिलं न्हाई."

आम्ही वाचलेला अध्याय खरा होता. परंतु त्याच अध्यायात ईयोबाने प्रथम आपला झगा फाडला आणि मग देवाचा धन्यवाद केला. झगा फाडण्याचे वचन आम्ही घाईने वाचून टाकिले होते.

८. हा वारसा आपलाही आहे

ही परकी गोष्ट असे कोणी समजू नये. त्याच अँडोव्हर गावी १८०७ साली एक धर्मशाळा, म्हणजे पाळकांचे विद्यालय, स्थापन झाले. तेथील सॅम्युएल न्यूएल व त्यांचे सोबती यांच्या विनंतीवरून १८१० साली अमेरिकन मिशन मंडळ निघाले, व त्याच मंडळाचे काम पुढे मराठी देशात आले. १८१२ च्या फेब्रुवारीत न्यूएलसाहेब व त्यांची तरुण पत्नी हॅरिएट ही सेलम बंदरातून निघाली. हेच ते बंदर जेथे अ‍ॅनबाई उतरल्या होत्या. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना कलकत्त्यास राहू दिले नाही. मॉरिशस बेटाकडे जात असता समुद्रावरच हॅरिएटबाईंना मुलगी झाली व थोड्याच दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी, एकोणिसाव्या वर्षी, त्याही त्या बेटावर मरण पावल्या. न्यूएलसाहेब एकटेच १८१४ साली मुंबईस पोहोचले, आणि १८२१ साली पटकीने याच प्रांतात वारले. आपल्यापर्यंत शुभवर्तमान आणणारे लोक लेकरांच्या कबरा मागे टाकून आलेले होते.

अ‍ॅनबाई स्वत: १६ सप्टेंबर १६७२ रोजी, सुनेच्या मागून दोनच वर्षांनी, प्रभूकडे गेल्या. मागे राहिलेली ती एक नात मर्सी वाढली, तिचे लग्न झाले, व तिचा वंश पुढे चालला. आजीची ती एक प्रार्थना ऐकली गेली. बाकीच्यांचे उत्तर पुनरुत्थानाच्या दिवशी मिळेल, या आशेवर ती निजली आहे.

म्हणून पुढच्या वेळी शोकाच्या घरी जाल, तेव्हा आधी बसा. गेलेल्या लेकराचे नाव घ्या. आईला रडू द्या, आणि रडू आले तर आपणही रडा. वचन वाचण्याची वेळ येईल. ती आली म्हणजे सबंध वचन वाचा.

चर्चेसाठी प्रश्न

(१) दावीदाने मूल जिवंत असता काय केले व ते मेल्यावर काय केले? दोहोंत विश्वास कसा दिसतो?
(२) विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात तक्रार व आशा एकाशेजारी एक का आली असावीत?
(३) येशू लाजरासाठी का रडला?
(४) आपल्या मंडळीत मूल गमावलेल्या आईबापांची आठवण वर्षभरानंतर कोण ठेवितो? ती कशी ठेविता येईल?

प्रार्थना

हे सर्व सांत्वनाच्या देवा, ज्या घरी पाळणा रिकामा झाला आहे तेथे तू स्वत: जा. आमच्या जिभेस घाई करू देऊ नको. जे आज तुला दयाळू म्हणू शकत नाहीत, त्यांच्या वतीने आम्हांस तसे म्हणू दे, आणि त्यांचे तोंड धुळीतून वर उचलण्याच्या दिवसाची वाट त्यांच्याबरोबर पाहू दे. येशूच्या नावाने. आमेन.